जांभळवस्तीचा सरळ रस्ता

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक न्हाई. यावरूनच काय ते समजा—कारण माझ्या बायकोला ठाऊक न्हाई अशी दुसरी गोष्ट अख्ख्या भोकरदन तालुक्यात शोधून सापडायची न्हाई. आईला सांगितली न्हाई. दोस्तायला सांगितली न्हाई. राजूरच्या गणपतीपुढं दोनदा हात जोडून उभा राह्यलो, आता कबूल करूनच टाकतो म्हणलं, तेवढ्यात मागच्या बाईनं ढकललं आणि मी प्रसाद घेऊन बाहेर. तुम्हाला सांगतो. तुमचा माझा ना गावकीचा संबंध, ना भावकीचा—म्हणून जमंल असं वाटतं.

मी अनंता. मीटर रीडिंग घेतो. मोटरसायकलवर गावोगाव फिरायचं, घरात शिरायचं, मीटरचा फोटो काढायचा, आकडा भरायचा. सतरा वर्षं हेच करून राह्यलो. मला पाहून कोणाला आनंद होत न्हाई, ते एक सोडा. पण या भागातलं कोणाचं मीटर कुठं आहे, हे मला झोपेत विचारा. देवघरामागं आहे, धान्याच्या कोठीवर आहे, एका ठिकाणी तर कोंबड्यायच्या खुराड्यात आहे—तिथं आकडा घेऊन कोंबड्यायची माफी मागावी लागती. तर अशा माणसाला नकाशाचं याड लागलं, यात नवल काय?

कोणता नकाशा, ते सांगतो. हा सरकारचा न्हाई आणि कंपनीचाही न्हाई. लोक आपल्या मर्जीनं बनवतात, फुकट, आणि कोणीही वापरावा, तोही फुकट. उपग्रहातून काढलेला फोटो फोनवर दिसतो, त्यावर बोटानं रेघा ओढायच्या. हा रस्ता, हा ओढा, हे घर. मी पहिल्यांदा उघडला तवा आमच्या भागात काय होतं? एक मोठा रस्ता, राजूरचं मंदिर, आणि बाकी सगळं पांढरंफटक. आमचं गावच नव्हतं! मला असा राग आला म्हणता. दोन पिठाच्या गिरण्या, एक हायस्कूल, चार पक्षांचे पाच पुढारी—आणि नकाशात आम्ही कोणीच न्हाई? त्याच दिवशी पार टाकला, शाळा टाकली, गिरण्या टाकल्या. सासऱ्याचं घर तेवढं राह्यलं. ते चार महिन्यांनी टाकलं, बायकोनं पाह्यल्यावर.

मंग कळलं की असे याडे जगात ढिगानं आहेत. कोणी पुण्यात बसून, कोणी पार परदेशात बसून आमच्या शिवारातली घरं काढून राह्यला. भली माणसं, पण वरून पाहून त्यायला काय कळणार? एकानं आमच्या गावाबाहेर चाळीस घरांची नवी वसाहत काढली. जाऊन पाहतो तर कडब्याच्या गंज्या! एका बाईनं शेततळ्याला पोहायचा तलाव लिहून ठेवला. मी एकेक दुरुस्त करत गेलो. दोन वर्षांत असं झालं की राजूर-भोकरदनकडची पांढरी जागा भरत भरत काळी झाली रेघांनी. आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

आमचा जिल्ह्याचा एक गट होता. त्याचा नियम होता—फोटो पाहून ओढलेली रेघ कच्ची. स्वतः तिथं जाऊन, डोळ्यांनी पाहून आलात, तरच तिच्यापुढं 'पाहून आलो' अशी खूण करायची. मंग ती पक्की. महिन्याच्या शेवटी यादी निघायची, ज्याच्या पक्क्या खुणा जास्त तो वर. मी दुसरा असायचो. कायम दुसरा. पहिला परतूरचा एक खतदुकानदार. त्या माणसाला मी आजपर्यंत पाह्यलं न्हाई, पण त्याच्याइतका दुस्वास मी सख्ख्या चुलतभावाचा केला न्हाई.

आता सुमनताई.

सुमनताई आमच्या गावची आशाताई. वस्त्यावस्त्यांनी पायी फिरती—लसीची तारीख सांगायची, गरोदर बायांची नावं लिहायची, गोळ्या द्यायच्या. नकाशा तिला मी शिकवला असं मी सगळीकडं सांगतो. खरं सांगू? मी फोनमधी टाकून दिला आणि दोन मिनिटं दाखवला, बाकी ती आपली आपण शिकली. तिची एक रीत होती. जिथं पाय ठेवला तेवढंच टाकायचं. महिन्याला आठ घरं, एखादा हापसा, एखादी वाट. मी हसायचो. म्हणायचो, ताई, अशानं तालुका पुरा व्हायला सात जन्म लागतील. ती म्हणायची, "लागू द्या भाऊ, मला कुठं जायचंय?"

आमच्या गावाच्या वर, ओढ्यापलीकडं, जांभळवस्ती आहे. अकरा घरं. जायची वाट एकच, खालून, ओढ्याला मोठा वळसा घालून गाडीवाट. चालत गेलं तर चांगला तासभर. सुमनताईनं ती वाट चालून टाकली, अकराच्या अकरा घरं टाकली, हापसा टाकला. सगळं बराबर. तिच्या कामात खोट काढायची तर भिंग घेऊन बसावं लागंल.

आणि मी?—थांबा, आधी आमच्या धंद्यातलं एक सांगतो, न्हाईतर तुम्हाला वाटंल मी एकदमच बिघडलो. आम्ही रीडिंगला गेलो आणि घराला कुलूप असलं, तर 'दरवाजा बंद' असा शेरा मारतो आणि मागच्यावरून अंदाजानं आकडा जातो. सोय आहे ती. आता बघा, जांभळवस्तीला जायचं म्हणजे वळसा, त्यात मे महिना, त्यात मोटरसायकल गाडीवाटेवर उड्या मारती आणि माझी कंबर आधीच कामातून गेलेली. मंग काय? अकरा घरं, दरवाजा बंद. पुढच्या महिन्यात? दरवाजा बंद. आठ महिने त्या वस्तीतलं एकही दार उघडलं न्हाई, माझ्या वहीप्रमाणं. माणसं आत कोंडून मेली का काय, असा प्रश्न वरच्या कोणाला पडला न्हाई, हेच नशीब.

तर ही सवय. आणि सवय एका कामापुरती राहती का?

अशाच एका महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी राजूरला हॉटेलात बसल्तो. पुढं भज्यांची प्लेट. यादी पाह्यली—परतूरवाला आणि मी, बरोबरीला! एक खूण, फक्त एक खूण पाह्यजे. मी जांभळवस्तीचा फोटो मोठा करून पाह्यला. आणि काय दिसावं? गावाच्या खालच्या विहिरीपासून निघून, ओढा ओलांडून, थेट वस्तीपर्यंत पांढरी सरळ रेघ. पट्टीनं आखल्यासारखी. नवा मुरूम टाकलेला रस्ता! सुमनताईच्या वळशाच्या निम्मादेखील न्हाई. म्हणलं, ताई तासभर चालती आणि हिला हा रस्ता दिसला न्हाई? मी बोट ओढलं. 'मोटार जाण्याजोगा' लिहिलं. आणि पुढं खूण केली—पाहून आलो. बोट तेलकट होतं म्हणून पहिल्यांदा उमटली न्हाई. मी बोट पँटीला पुसून परत केली. म्हणजे हे घाईत, चुकून झालं असं म्हणायचीही सोय न्हाई.

त्या महिन्यात मी पहिला आलो. घरी पेढे नेले. बायकोनं विचारलं कशाचे, म्हणलं नकाशाचे. ती म्हणली, खाऊन घ्या.

तो रस्ता नव्हता. ती बाबुरावची पाइपलाइन होती. जांभळवस्तीच्या बाबुरावनं खालच्या विहिरीतून वरच्या शेतापर्यंत पाणी न्यायला मशीननं चर खोदला, पाइप टाकला, मुरूम वर ओढून बुजवला. फोटो नेमका त्याच दिवसातला. आमच्याकडचं शेंबडं पोर सांगंल, एवढी सरळ रेघ पाइपलाइनीशिवाय दुसऱ्या कशाची नसती—आमच्याकडं रस्ता सरळ गेलाय कधी? दर बांधाला वळसा घालतो तो. परदेशातल्या माणसानं गंजीला घर म्हणलं तर मी पोट धरून हसलो. आणि मी सतरा वर्षं याच मातीत फिरणारा!

एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं. पण बाबुरावच्या पोरीचं लग्न निघालं.

नवरदेव अंबडकडचा, अंकुशनगरचा. वऱ्हाड तिकडून निघालं—दोन क्रूझर, एक टेम्पो, नवरदेवाची फुलं लावलेली गाडी. राजूरला गणपतीचं दर्शन घेतलं आणि फोनला विचारलं—त्यातला नकाशा आमचाच—जांभळवस्ती? आता फोन बिचारा काय करणार? त्याच्यापुढं दोन रस्ते. एक सुमनताईचा, लांबचा, खरा. एक माझा, जवळचा, पाहून आलेला. त्यानं जवळचा दाखवला.

मी मांडवात होतो, वधूकडच्या बाजूनं. बाबुरावनं मला पत्रिका दिल्ती, माणूस मोठ्या मनाचा. मुहूर्त टळून गेला तरी कोणाला काही वाटलं न्हाई, कारण आमच्याकडं मुहूर्तावर लग्न लागलं तर लोक घाबरतात. तासभर गेला. दीड तास गेला. आचारी म्हणायला लागला, भात गोळा होऊन राह्यला. मंग ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला आणि सगळा मांडव उठून तिकडं पळाला. मीही पळालो. आणि अर्ध्या वाटेत, उतारावरून खाली पाह्यलं, तवा मी तिथंच थांबलो. कारण मला ती रेघ दिसली. माझी रेघ. तिच्यावर चार गाड्या, एकामागं एक, बुजवलेल्या चरात चाकाच्या आसापर्यंत रुतलेल्या.

तेवढ्यात लाईट आली. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? बाबुरावच्या विहिरीवरची मोटर आपोआप चालू व्हायची. ती चालू झाली. आणि नवरदेवाच्या गाडीखाली पाइप आधीच फुटलेला. कारंजं, हो! सरळ वर! नवरदेव काय झालं म्हणून खाली उतरला, तर शेरवानीसकट न्हाऊन निघाला. फेट्याचा रंग तोंडावर उतरला. नवरदेवाची आत्या चिखलात बसली ती उठंना. तिघांनी ओढली तर चप्पल आत राह्यली आणि आत्या बाहेर आली. बँडवाल्यायचा म्होरक्या ढोल डोक्यावर घेऊन उभा. आणि कोणी तरी मोटर बंद करा, मोटर बंद करा म्हणून ओरडून राह्यलं, पण विहीर पार खाली. शेवटी नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मांडवात आला, नवरीच्या भावाचा चौकड्याचा शर्ट घालून. लग्न लागलं. फोटोत नवरी सोडून सगळे रागात आहेत. ती तेवढी हसून राह्यली.

मला हसू आलं का? आलं. नंतर, खूप दिवसांनी आलं. त्या वेळी मी जेवलोही न्हाई, आणि मी लग्नात जेवलो न्हाई हे पाहून लोकायला वाटलं मला किती दुःख झालं.

कारण मानापमान सुरू झाला. वरपित्यानं बाबुरावला भर मांडवात विचारलं, रस्ता नव्हता तर दाखवला कोणी? बाबुराव म्हणला, मी न्हाई. ड्रायव्हरनं फोन पुढं केला. नकाशात आहे! मंग नकाशा कोणी केला? आणि सगळा मांडव एकदम म्हणला—सुमनताईनं. का न्हाई म्हणणार? तिलाच तर सगळ्यांनी फोन हातात धरून दारोदार फिरताना पाह्यलं होतं. घरं मोजताना, हापशापाशी उभी राहताना. मला त्या वस्तीत कोणी पाह्यलं होतं? आठ महिने दरवाजे बंद होते ना!

ती तिथंच होती, बायकांत. बाबुराव चिडून तिला नको ते बोलला. पोरीच्या लग्नात माझी शोभा केली, आता आमच्या दारात येऊ नका म्हणला. माझ्याकडं पाह्यलं तिनं, एकदाच. मला वाटलं, आता नाव घेती. मी खाली पाह्यलं आणि माझ्या बुटाला लागलेला चिखल काढायला लागलो. चांगला पाच मिनिटं काढला.

घरी जाऊन मी तो रस्ता पुसला. कारण लिहिलं, 'चूक दुरुस्त केली.' गटानं ते पाह्यलं. आता हे ऐका—भोकरदनला गटाची बैठक झाली, आणि त्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ. गंभीर चूक तातडीनं दुरुस्त केल्याबद्दल! परतूरवाल्यानं निरोप पाठवला, अभिनंदन. चूक कोणाची होती ते कोणी विचारलं न्हाई, मीही आपला विनयानं बोललो की नव्या माणसांकडून होतं असं, सांभाळून घ्यावं. ऐकलंत ना? सांभाळून घ्यावं म्हणलो मी. शाल आहे अजून, बायको सोयाबीनच्या पोत्यावर झाकती.

सुमनताईचं काय झालं? नोकरी गेली न्हाई, काही न्हाई. पण जांभळवस्तीत ती गेली की बाया हसायच्या, ताई, रस्ता सापडला का? बाबुरावची थोरली सून पोटुशी होती, तिनं हिच्याकडं नाव नोंदवलं न्हाई, माहेरच्या गावी जाऊन नोंदवलं. सुमनताई गोळ्यांची पाकिटं बाबुरावच्या शेजारणीकडं ठेवून यायची. तासभर चालत जायचं आणि दार ओलांडायचं न्हाई. नकाशाचं काम तर तिनं त्याच दिवशी सोडलं. वरच्या दोन वस्त्या अजून कोऱ्या आहेत. त्या कोणी भरल्या न्हाईत, आणि मी भरल्या तर तुम्ही विश्वास ठेवाल का?

आता तुम्ही म्हणाल, झालं, हाच तो गुन्हा. भेकडपणा केला, दुसरीवर जाऊ दिलं. न्हाई हो. एवढं सांगितलं तरी जे खरं कबूल करायचंय ते अजून राह्यलंच.

नकाशात एक सोय आहे. कुठं काही चुकलं दिसलं तर त्या जागेवर चिठ्ठी चिकटवता येती. ती दिसती सगळ्यायला, पण निरोप जातो ज्यानं ते टाकलं त्याला. त्यानं जाऊन पाह्यचं, उत्तर लिहायचं आणि चिठ्ठी बंद करायची. लग्नाच्या तीन आठवडे आधी माझ्या रस्त्यावर एक चिठ्ठी आल्ती. सुमनताईची. 'अनंताभाऊ, इथं मला रस्ता दिसत न्हाई. बाबुरावची पाइपलाइन आहे. एकदा बघता का?'

तीन आठवडे आधी.

मी घरीच होतो, खाटेवर, पंखा चालू. वाचलं आणि पटलंही. त्याच क्षणी कळलं की पाइपलाइनच आहे, दुसरं काय असणार? पण खूण काढली की पहिला नंबर जाणार. आणि त्याहून मोठं—हिनं मला सांगावं? मी शिकवलेलीनं? मला राग आला. खरा राग आला, जसा चूक दाखवणाऱ्याचा येतो तसा. मी उत्तर लिहिलं, 'पाहून आलो. रस्ता आहे.' आणि चिठ्ठी बंद केली. कुशीवर वळलो आणि झोप लागली मला. चांगली लागली.

ती चिठ्ठी अजून तिथं आहे. पुसता येत न्हाई. तिचं नाव, माझं नाव. ज्याला पाह्यचं त्यानं पाहावं, पण आमच्याकडं नकाशाची जुनी चिठ्ठी कोण उघडून बसतो?

मागच्या महिन्यात मी तिच्या घरी रीडिंगला गेल्तो. लग्नाला आता तीन वर्षं होत आली. तिनं चहा ठेवला. मी नको म्हणलो, तिनं ठेवलाच. आणि कप पुढं करता करता म्हणली, "भाऊ, एक इचारू का? तुमचं उत्तर वाचून मी दुसऱ्या दिशी परत गेल्ते. उन्हात खालून वर, वरून खाली, सगळं पाह्यलं. मला काही रस्ता दिसला न्हाई. पण तुम्ही पाहून आल्ते. तुम्ही उगं लिहिणार न्हाईत. म्हणून मी त्या दिशी मांडवात तुमचं नाव घेतलं न्हाई, म्हणलं आपल्यालाच दिसला नसंल." मंग म्हणली, "होता ना तवा तिथं रस्ता?"

घरात दुसरं कोणी नव्हतं. माझं काय जाणार होतं? शाल?

"होता," म्हणलो.

"मंग बराबर," ती म्हणली, आणि तिला एकदम हायसं वाटलं, दिसलं मला ते. मी चहा प्यालो. मीटरचा फोटो काढला, आकडा भरला आणि मोटरसायकल चालू केली.

तिथं रस्ता नव्हता. मी गेल्तोच न्हाई. सुमनताई गेल्ती.